बुधवारची वीस मिनिटं

आमच्याकडे बुधवारी माशाचं सूप असतं
आणि प्रत्येकाला वीस मिनिटं.
अंडी उकडायचं घड्याळ आहे, कोंबडीच्या आकाराचं.
तिची मान पिळली की टिकटिक सुरू.
वाजलं की थांबायचं,
वाक्य अर्धं असलं तरी.
उरलेलं पुढच्या बुधवारपर्यंत तोंडात धरून ठेवायचं.
हा नियम सुन्नीवाचा, ती नऊ वर्षांची असतानाचा:
आम्ही तिघं एकाच वेळी बोलत होतो
आणि ती टेबलाखाली जाऊन बसली होती.

पहिला कागद आला एइलिफचा.
बोडोच्या इस्पितळातली डॉक्टर विचारत गेली,
मी त्याच्या वतीनं सांगत गेले,
आणि निम्म्या वाटेत लक्षात आलं,
मी केव्हाची माझ्याबद्दलच बोलतेय.
मग माझा कागद. मग सुन्नीवाचा.
तोर्गाइर म्हणाला, मला कागद नको.
मला ब्याऐंशीचं हिवाळी वेळापत्रक हवंय,
तेवढं एकच राहिलंय.

त्याला फेरीबोट.
हेल्नेसंड ते क्विट्टोय, अठरा मिनिटं,
वारा समोरून असेल तर एकवीस.

सुन्नीवाला ईल.
ईल कुठे अंडी घालतो ते अजून कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही,
हे ती दर बुधवारी सांगते,
दर वेळी नव्यानं दुखावल्यासारखी.

एइलिफला बिजागऱ्या.
कुणाकडे गेला तर माणसांच्या आधी दाराच्या कडेला बोट लावतो.
शेजारच्या गुनवोरबाईंनी त्याच्यासाठी
एक दार मुद्दाम कुरकुरतं ठेवलंय.

मला दगडफुलं.
कातळावरचा पिवळट हिरवा नकाशा
वर्षाला अर्धा मिलिमीटर सरकतो.
माझ्या वीस मिनिटांत किती सरकतो,
ते एइलिफनं एकदा हिशेब करून दिलं.
तो आकडा मी पाकिटात ठेवते.

एकमेकांच्या नादात आम्हाला गोडी आहे, असं नाही.
ईलच्या आतड्यांविषयी ऐकताना
मी सुपातले बटाटे मोजते.
पण जागची उठत नाही.
नाद दुसऱ्याचा असला तरी त्याची ऊब लागते,
भिंतीपलीकडल्या चुलीसारखी.

ऑक्टोबरात समुद्राखालचा बोगदा उघडला.
शेवटच्या फेरीला बँड होता, केक होता,
म्हणून तोर्गाइर गेला नाही. फार आवाज.
खिडकीत उभा राहिला, हातात घड्याळ घेऊन.
दोन मिनिटं उशिरा सुटली, म्हणाला.
भाषणं.

त्या बुधवारी त्याची पाळी आली.
मी कोंबडीची मान पिळली.
तो बसून राहिला.
काय झालं, असं कुणी विचारलं नाही.
वीस मिनिटं त्याची होती,
त्यानं ती कशानंही भरावीत.
सुपावर साय धरली.
असे पाच बुधवार.

सहाव्या बुधवारी एइलिफ मिठाच्या बरणीकडे बघत म्हणाला,
आज फेरीच्या तोंडाची बिजागरी.
पुढची फळी जिच्यावर पडते आणि उठते, ती.
अशा चार आहेत. एकेक माझ्या मांडीएवढी.
त्या किती वेळा उघडल्या ते मला माहीत नाही.
माहीत नसेल तर पुढचं सांगताच येत नाही.

तोर्गाइरचा चमचा थांबला.
दिवसाला बावीस, तो म्हणाला.
रविवारी चौदा.
चौऱ्याहत्तरपासून.
शहात्तरच्या जानेवारीत नऊ दिवस बंद, ते वजा कर.
एइलिफ लिहीत होता.
सुन्नीवानं आपली वही त्याच्याकडे सरकवली,
ईलची वही, मागची कोरी पानं.
उन्हाळ्यात जादाची एक, तोर्गाइर म्हणाला,
पण ती फक्त

कोंबडी वाजली.

एइलिफनं पेन्सिल ठेवली. नियम तो नियम.
तोर्गाइरनंही तोंड मिटलं,
'फक्त' आत ठेवून.

रात्री तळघरात खोकी सरकवल्याचा आवाज येत होता.
गुरुवारी सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारापाशी थांबला.
दार उघडलं. लावलं.
पुन्हा उघडलं,
वाकून, कान देऊन.