टिक करू नका

उद्यमबागेत आमच्या फाउंड्रीच्या ऑफिसात
मेलचा प्रोग्राम उघडतो
आणि पांढराफटक पडतो.
अकरा दिवस झाले.
मी बंद करतो, चालू करतो,
मॉनिटरच्या डोक्यावर टपली मारतो.
साचा सुटत नसला की
शेडमध्ये आम्ही हेच करतो, जरा जोरात.

शहापुरातून शैला अंगडी आली,
हेल्मेट चलनबुकावर ठेवलं.
पहिलाच प्रश्न : "काका, मेल वर सर्व्हरवर राहतात,
की नुसते ह्याच मशीनवर?"
मला काय माहीत.
दोन हजार सातपासून जे आलं ते इथंच उतरलं,
वर काही शिल्लक ठेवत नव्हतो.
तिचा चहाचा घोट तसाच थांबला.
"मग काढाकाढी नंतर की हो. आधी कॉपी."

शिफ्ट दाबून धरली, सेफ मोडमध्ये उघडलं,
जोडलेली शेपटं सगळी बंद केली.
तरी पांढरं.
मग टास्क मॅनेजर :
मी दहादा बंद केलेला प्रोग्राम
आत दहा वेळा जिवंत होता.
एकेकाला तिनं निजवलं.

लपवलेलं फोल्डर उघडलं,
नाव कसलं, मांजर कीबोर्डवरून चालल्यासारखं.
"हे तुमचं घर," म्हणाली, "प्रोग्राम नुसतं दार."
चौदा जीबी, आणि वर थोडं.
बाहेरच्या ड्राइव्हवर जाता जाता
वीज एकदा डोळा मारून गेली,
यूपीएस ओरडला, मी उभाच राहिलो.
कॉपी झाल्यावर तिनं दोन्हीकडचे आकडे
बोट ठेवून मोठ्यानं वाचले,
आमची आई दुधाचं खातं वाचायची तसे.

आता काढायचं. मध्येच खिडकी आली :
माझी माहितीपण पुसू का?
बारका चौकोन, रिकामा.
माझा हात माऊसवरच होता.
"बेडा, बेडा!" ती कन्नडमध्ये ओरडली,
मग मराठीत, हळू : "टिक करू नका."
पंचवीस वर्षं ह्या गावात मी दोन्हीकडून ऐकतोय
काय करू नका ते.
इतक्या चटकन कधी ऐकलं नव्हतं.

नवा प्रोग्राम मूळ साइटवरूनच घेतला,
भाच्यानं दिलेल्या पेनड्राइव्हवरचा नाही.
जुनं फोल्डर दाखवलं. याद्या
पुन्हा बांधायला बसला तो, सावकाश.
तिनं शोधून बघितलं : बेळगाव.
चौदा सालापर्यंतचे सगळे आले.
मग बेळगावी. पुढचे आले.
पत्ता तोच, शेड तीच,
पत्र्यावरचं गळकं भोकसुद्धा तेच.

आणि तळाशी एक ओळ :
न गेलेला एक संदेश. आता पाठवू?

ते शिरोलीच्या भोसेकरांना लिहिलेलं.
रात्री साडेअकराला, थकबाकीचा कागद पुढ्यात घेऊन.
तुमचं आमचं संपलं. पैसे बुडीत धरले.
पुन्हा ह्या दारात येऊ नका.
अकरा दिवस मी त्यांच्या गप्पपणाचे अर्थ लावत होतो.
चोर, म्हणालो. मग गर्विष्ठ.
परवा तर म्हणालो, बिचाऱ्याला लागलं असेल.
ते पत्र इथंच बसलं होतं,
माझ्यापासून दीड हातावर.

शैला खिडकीकडे बघत होती मुद्दामच.
"पाठवू?"
मला मराठीत काही सुचेना.
"इरली," म्हणालो. राहू दे.
पुसलं नाही. ड्राफ्टमध्ये ओढून टाकलं.

तेवढ्यात वरून मेल पडायला लागले,
एकशे त्रेचाळीस, बँक, जीएसटी, कुणाचा वाढदिवस,
आणि भोसेकर, गेल्या मंगळवारचा :
"पाटणेकर, सात नंबरचा पॅटर्न तुमच्याकडं राहिलाय का?
इकडं सापडेना."
पैशाचं अक्षर नाही.

मी उठलो, रॅकवर बघितलं.
होता की. धूळ खात.
शैलानं बिल लिहिलं, चारशे,
आणि खाली मोठ्या अक्षरात :
महिन्यातून एकदा कॉपी.