कानातला बिल्ला

वच्छलाबाईची चंद्री रात्रभर हंबरली
की सकाळी प्रफुल्लले फोन येते.
तो फटफटीवर कॅन बांधतो.
कॅनात नायट्रोजन, नायट्रोजनात
गवळाऊ वळूच्या बारीक कांड्या,
कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरल्या की जाग्या होतात.
पावती पन्नास रुपयांची.
उलटली तर एकविसाव्या दिवशी पुन्हा.
चंद्रीले कोणी टोचून बोलत नाही.

चंद्रीच्या कानात पिवळा बिल्ला आहे, बारा आकडी.
तिचा विमा आहे.

कार्ड माझंही आहे, खरांगण्याच्या शिबिरात काढलेलं,
फोटोत डोळे मिटलेले.
नागपूरला खिडकीतून आत सरकवलं
तर पोरीनं उलटूनही पाहिलं नाही.
ताई, हे आजारात येत नाही.
मग हप्ते भरून घेतलेला दुसरा विमा.
त्याचं पत्र आलं, चांगल्या मराठीत :
वगळलेल्या गोष्टी, अनुक्रमांक सोळा, मूल न होणे.
वर चष्मा. खाली दाताची कवळी.

आजार नाही.
सासूबाई आठ वर्षं आजारच म्हणतात,
ओटीच्या तांदळाला मला हात लावू देत नाहीत.
तिथं कोणता अनुक्रमांक लागतो?

एक सुई बावीसशेची. अशा दहा.
बर्फाच्या डब्यात, मांडीवर, आर्वीपर्यंत एसटीत.
कंडक्टर म्हणाला, "मच्छी हाय का बाई?"
मी हो म्हटलं.
दोन म्हशी विकल्या.
दोन्ही गाभण होत्या, म्हणून भाव बरा आला.

चार तयार झाले.
दोन ठेवले, टिकले नाहीत.
दोन गोठवलेत.
काचेपलीकडं वाफ निघाली तसा प्रफुल्ल कानाशी आला,
"अवं, हा तं आपलाच कॅन!"
त्या दवाखान्यात आम्ही तेवढंच हसलो.

काल मेसेज आला.
साठवणुकीचे वर्षाचे अठरा हजार,
एकतीस तारखेपर्यंत, अन्यथा.
अन्यथाच्या पुढं काही लिहिलेलं नाही.

प्रफुल्ल ओट्यावर बसून कॅनात पट्टी बुडवतो.
नायट्रोजन रोज थोडं उडतंच,
कांडी काढा नाहीतर नका काढू.
चार बोटं, म्हणतो. शुक्रवारलोक पुरते.

तेवढ्यात फोन. मोरांगण्याची कोणाची तरी गाय.
तो कॅन बांधून निघतो,
पट्टी दाराला टेकवलेली राहते.
तिच्यावरचं पांढरं विरायच्या आत
मी पुन्हा बोटं लावून बघते.