उलटी वायर

ग्रिम्सबीच्या गोदीमागं, ‘ब्लू हॅलिबट’ नावाच्या पबात
शुक्रवारी आम्ही चौघं वाजवतो.
छत ठेंगणं, गालिच्याला शिळ्या बिअरचा वास,
आणि गेली अकरा वर्षं
माझी गिटार पातळ.

पातळ म्हणजे कोऱ्या चहासारखी नाही,
तो निदान कडू तरी असतो.
चौथ्यांदा विसळलेल्या किटलीतलं पाणी.

डेन्झिल ड्रमवरून म्हणाला, तारा बदल.
जाड तारा लावल्या, बोटं सोलली.
पिकअप बदलला. वय झालं, कान गेले,
असंही एकदा मनाशी ठरवून पाहिलं.
मग आवाज वाढवला, तर पहिल्या टेबलावरचे लोक
ग्लास उचलून मागच्या टेबलावर गेले.

मार्चमधल्या एका मंगळवारी, पब बंद असताना,
कॅबिनेट उचलून माशांच्या दोन क्रेटवर ठेवलं
आणि त्याच्यासमोर बसलो, तोंडाला तोंड देऊन.
तीस वर्षं हा माझ्या पोटऱ्यांशी बोलत होता.
मला कमी ऐकू यायचं, म्हणून मी ट्रेबल चढवत गेलो
आणि समोरच्यांच्या कपाळात सुया घुसत गेल्या.
कुणी बोललं नाही.
सभ्य माणसं.

ट्रेबल उतरवला. गेन निम्म्यावर आणला,
मिड, ज्याला मी आजवर कधी हात लावला नव्हता,
तो दोनच्या काट्यापर्यंत नेला.
सुया गेल्या. पण अंग भरेना.
नुसती हाडं वाजत होती.

तेव्हा मागची फळी उघडली. सोळा स्क्रू.
आत दोन बारा इंची स्पीकर, धूळ, एक मेलेला पतंग,
आणि विल्फचं सोल्डर.

विल्फ ऑस्गर्बी. शीतगृहांचे कॉम्प्रेसर दुरुस्त करायचा,
उरल्या वेळात आमचे अ‍ॅम्प.
डावा स्पीकर फाटला तेव्हा त्यानंच नवा बसवला,
त्या हिवाळ्यात, जेव्हा त्याच्या हातातला कप
बशीवर टेकेपर्यंत किणकिणत राहायचा
आणि आम्ही सगळे खिडकीबाहेर बघायचो.

नऊ व्होल्टची बॅटरी केबलच्या टोकाला टेकवली.
उजवा कोन पुढं आला.
डावा मागं गेला.
पुन्हा टेकवली. पुन्हा तेच.

अकरा वर्षं एका पेटीत, खांद्याला खांदा लावून,
एक ढकलत होता आणि दुसरा ओढत होता.
एकानं सोडलेली हवा दुसऱ्यानं गिळली,
खर्ज बाहेर पडायच्या आतच फिटून गेला,
उरला तो वरचा चरचराट.
आणि मी तारांना दोष देत बसलो.

सोल्डरिंग गन तापत होती तोवर
विल्फचा टाका बघत राहिलो.
गोळा मोठा, जरा वाकडा, एका बाजूला ओघळलेला,
पडता पडता कुणीतरी हाक मारावी तसा थांबलेला.

मग उजव्या स्पीकरच्या वायरी सोडवल्या.
त्या बरोबर होत्या. त्याच उलट्या जोडल्या.
दोघंही उलटे, म्हणजे दोघंही सुलटे.
स्पीकरला उत्तर-दक्षिण कळत नाही,
बरोबरीनं निघालं की झालं.

शुक्रवारी खालची तार छेडली
आणि लाकडी स्टेजनं ती टाचांतून परत दिली.
डेन्झिलनं मान वर केली, एक ठोका चुकला त्याचा,
जो तो कधी चुकत नाही.
मागच्या टेबलावरचे लोक तिथंच बसून राहिले,
पण वळून बसले.

विल्फची ग्लेनिस दाराशी पैसे घेते,
वाजवण्याबद्दल अवाक्षर काढत नाही.
मध्यंतरात म्हणाली, काय केलंस?
दोन क्रेट ठेवले खाली.
एवढंच?
आणि ट्रेबल कमी केला.

ती मोड मोजत राहिली. वीस पेन्सांची एक चळत झाली, दुसरी झाली.
विल्फ सांगायचा तुला, म्हणाली, ट्रेबल कमी कर म्हणून.

सांगायचा. खरंच सांगायचा.

दुसऱ्या फेरीला मी तो आणखी अर्धा काटा खाली घेतला.