उधारीचा उजेड

सेंगा गॅलब्रेथ.
अ‍ॅग्नेस हे नाव शेवटाकडून वाचलं की सेंगा होतं.
आजीचं नाव ठेवायचंच होतं,
पण तेव्हा आईचं आजीशी पटत नव्हतं.

ग्रीनॉकच्या चढावरचं दोन खोल्यांचं घर.
जिन्याखालच्या कपाटात, व्हॅक्यूम क्लीनरच्या मागे,
मीटर,
त्याच्या तोंडात निळी प्लास्टिकची किल्ली.

आठ वर्षं दर मंगळवारी
ती किल्ली पर्समध्ये घालून परवेझच्या दुकानी गेली.
दहा पौंड. सणासुदीला पंधरा.
केटल एकदा: तीन पेन्स.
केटल दोनदा: विचार करू.
इस्त्री फक्त कोणी वारलं तर.

आणि वारलाच, डंकन.
त्याआधी अकरा दिवस तो दवाखान्यात
आणि ती त्याच्या उशाशी खुर्चीत.
घरी परतली तर पडद्यावर आकडा नव्हता.
अकरा दिवस एक दिवा लागला नव्हता,
फ्रीजमध्ये होती ती अर्धी बाटली दूध,
तरी घर आपलं रोज जेवत होतं,
रोजचं ठरलेलं भाडं, वर थकबाकीचा हप्ता.
थकबाकी कुणाची?
आधीच्या भाडेकरूची.
ज्याचं तोंड पाहिलं नाही
त्याच्या दिवाळखोर दिव्यांचं तेल
ती आठ वर्षं घालत होती.

त्या रात्री ती कोट घालूनच झोपली.
सकाळी फोन लावला.

सत्तेचाळीस मिनिटं पियानो.
मग एक मुलगा, गोड आवाजाचा:
मागाहून बिल भरायचं मीटर हवंय? जरूर.
तुमची पत तपासतो.
कर्ज? नाही.
क्रेडिट कार्ड? नाही.
हप्त्यावर कधी काही?
नाही बाळा, कुणाची दिडकी ठेवली नाही मी.
मग जरा अवघड आहे, तो म्हणाला.

ती बराच वेळ रिसीव्हर धरून उभी होती.
जन्मभर कुणाचं देणं नाही
म्हणून कुणाचा भरवसा नाही.

थकबाकी तिची नाही हे सिद्ध व्हायला
चार पत्रं लागली, एक भाडेकरार,
आणि भाची कर्स्टीनच्या तोंडच्या काही शिव्या.

मार्चमध्ये ड्रू नावाचा पोरगा आला,
बुटांवर निळ्या पिशव्या चढवून.
वीस मिनिटं वीज जाईल म्हणाला.
ती हसली.
वीज जाण्याचं मला सांगतोस?
पॅसेजच्या अंधारात तो स्क्रू फिरवत राहिला,
ती टॉर्च धरून त्याला डंकनच्या गोदीतल्या गोष्टी सांगत राहिली,
आणि दिवे आले तेव्हा
गोष्ट अर्धीच राहिली.
जाताना किल्ली त्यानं तिच्या हातावर ठेवली.
हिचं आता काही काम नाही.

रात्री सवयीनं कपाट उघडलं.
आधी आकडा उतरायचा.
आता चढतो.
चढत्या आकड्याचीही भीती वाटते,
पण ती महिनाअखेरची भीती,
तिला झोपू देते.

पहिलं पत्र आलं.
आजवर कंपनी 'या घरी राहणाऱ्यास' असं लिहायची.
आता: प्रिय श्रीमती गॅलब्रेथ.
खाली देणं, एकतीस पौंड बारा पेन्स.
रक्कम तिनं नंतर वाचली.

मंगळवारी ती दुकानी गेलीच.
परवेझचा हात न बघता पुढे आला, किल्लीसाठी.
त्याच्या मागे भिंतीवर पाटी:
आज रोख, उद्या उधार.
किल्ली नाही रे, ती म्हणाली,
माझ्यासाठी उद्या उजाडला.
त्याला कळलं नाही. तिनंही सांगितलं नाही.
एक एम्पायर बिस्किट घेतलं, रोख.

चढावर आठवलं:
पॅसेजमधला दिवा चालूच राहिलाय.
पाय आपसूक भरभर निघाले,
चार पावलं, पाच,
मग ती कठड्याशी थांबली,
धाप लागली होती म्हणा,
आणि बिस्किटावरची लाल चेरी आधी खाल्ली.
खाली क्लाइडच्या पाण्यात
पलीकडच्या काठाचे दिवे, एकेक करून, लागत होते.