नमुना क्रमांक सतरा

ग्रोनिंगेनहून निघताना प्राध्यापकबाईंनी
सामानाची यादी स्वतः तपासली:
सोळा नळ्या, खारेपणा मोजायचं यंत्र,
गुडघ्याच्या वर येणारे रबरी बूट.
बूट अजून बॅगेतच आहेत.
दुर्भाटच्या खाजनात ते घालून उतरले असते
तर शाबाकाकाने ओळखच दाखवली नसती.

विद्यापीठाच्या नोंदीत हे माझं क्षेत्रकार्य.
रोजचा भत्ता मिळतो; घरी राहते म्हणून निम्मा.
निम्मा का, आईने विचारलं.
म्हटलं, तू फुकट जेवायला घालतेस, हे त्यांना कळलंय.
"कोणी सांगितलं?" म्हणाली, आणि
ताटात आणखी एक तळलेला मोदसा पडला.

संमतीपत्र मीच मराठीत केलं, दोन पानी.
'या अभ्यासातून आपण कधीही, कारण न देता, माघार घेऊ शकता.'
काकाने मानशीच्या फळीवर बसून
ते मोठ्याने वाचलं, शेवटच्या टिंबापर्यंत.
"आनी बांदानच माघार घेतली जाल्यार?"
याचं उत्तर पत्रात नव्हतं.
त्याने सही केली.
तारखेच्या जागी भरतीची वेळ लिहिली.

तिकडचं काही सांग, म्हणतात सगळे.
सांगते:
ओहोटीला तिथला समुद्र पार क्षितिजापर्यंत मागे सरतो
आणि माणसं पैसे देऊन, वाटाड्या घेऊन
चिखलातून चालायला जातात.
इथे सगळे हसतात. पैसे देऊन!
आमची अख्खी तुकडी गेली होती.
सेलामावित, माझ्या शेजारच्या खोलीतली, अदिस अबाबाची,
मांडीपर्यंत रुतली.
वाटाड्या दोर सोडवत होता, ती रडत होती तिच्या भाषेत.
मी ओरडले, आडवी हो! पाठीवर, खाटेवर निजल्यासारखी!
आठव्या वर्षी काकाने हे शिकवलं होतं
एक थोबाडीत देऊन:
चिखलाशी उभ्याने भांडायचं नसतं.
तिसऱ्या दिवशी तिने माझ्या नाचणीच्या पिठाची
आपल्याकडची आंबट, जाळीदार भाकरी केली.
अर्धी फाटली. तशीच खाल्ली.

दोन सायकली चोरीला गेल्या, हे सांगत नाही.
शनिवारी एका उपाहारगृहात भांडी घासते, हेही नाही.
डिसेंबरात चार वाजता अंधार पडला की
भरती-ओहोटीचं दुर्भाटचं कोष्टक उघडून बसते,
काही कारण नसताना.

पौषातली अमावास्या. मांगे थापणी.
बांधावर ओल्या चिखलाची मगर आकार घेते,
पाठीवर शिंपले, जबड्यात काटक्यांचे दात.
तिच्यासमोर हात जोडणाऱ्यांत
पन्नाशीच्या आतली मी एकटीच.
पलीकडच्या बांधाला दोन वर्षांपूर्वी भगदाड पडलं;
तिथे आता कोरगूट नाही,
खारफुटी आहे, हिरवीगार, कोणाचीच नाही.
माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण ते.

"मागीर कितें करतली?"
काका विचारतो, मगरीची शेपटी लिंपताना.
ऑक्टोबरात प्रबंध द्यायचा. मग तिथे तीन वर्षांची एक जागा आहे,
किंवा पणजीतलं एखादं कार्यालय, जिथे बांध नकाशावर असतात,
किंवा...
मानशीची दारं तेवढ्यात मिटली.
भरती लागली की ती आपोआप मिटतात,
कोणी ढकलावं लागत नाही.
प्रश्न तसाच राहिला, काठावर.

उठताना त्याने शेपटीचा एक गोळा तोडून हातावर ठेवला.
"हें व्हर तुज्या बायेक."
प्राध्यापकबाईंना, म्हणजे.

नळ्या सोळाच होत्या. सोळाही भरलेल्या.
आईने मिस्कुटाची रिकामी बाटली दिली, धुऊन, तिच्या मते.

नोंदवही, पान एकतीस:
नमुना क्रमांक सतरा.
ठिकाण: दुर्भाट, मगरीची शेपटी.
खोली: लागू नाही.
खारेपणा: मोजला.
आकडा विश्वासार्ह नाही.