पॉइंट तीनची सुई

सगळ्यात आधी हवा लागते, हेडाऊ म्हणाला,
रंगाचं मंग पाहू.
कॉटन मार्केटच्या मागे त्याचं दुकान,
दुकान म्हणजे पंधरा मेलेले फ्रिज
आणि मधोमध एक स्टूल.

हवा आमच्या घरातच होती.
बदामी फ्रिज, बाबांनी हप्त्यांवर घेतलेला,
दारात, अंड्यांच्या खाचेत, त्यांचं इन्सुलिन.
ते गेल्यावरही चालूच राहिला,
पोटात एक लोणच्याची बरणी आणि बर्फ.
भंगारवाला सातशे म्हणाला
तेव्हा आईने त्याच्या तोंडावर दार लावलं.
हेडाऊला मात्र चहा दिला.

त्याने मागची जाळी कापून काळा गोळा काढला,
त्याला जोडली आग विझवायची रिकामी टाकी,
दाब दाखवणारं घड्याळ,
आणि काचेची वाटी, हवेतलं पाणी अडवायला.
"हे विसरशील तर चित्रावर कोणी थुंकल्यावानी दिसन.
अन् पंचवीसच्या वर जाऊ नोको,
तुले अजून बोटाचा भरवसा नाही."

ब्रश इतवारीतून. बावीसशे सांगितले, एकोणीसशेला दिला.
खटका दाबला की हवा, मागे ओढला की रंग.
एका बोटाला दोन कामं सांगितली
की ते दोन्ही विसरतं.
सुई पॉइंट तीनची, केसाहून जराशी जाड.
तिसऱ्याच दिवशी फरशीवर पडली,
टोक वाकलं, रंग वाकडा जाऊ लागला.
दुसरी सुई आधीच घेऊन ठेवावी
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
तुम्हाला सांगते.

रंग दुधाइतका पातळ हवा, म्हणतात.
कोणत्या दुधाइतका?
आमच्या पंचबुद्धेच्या, की त्याच्या म्हशीच्या?
मी पंचबुद्धेच्या धरलं, बरोबर निघालं.

होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्या, ड्रॉपर,
दातांच्या फटीत घालायचे बारके ब्रश, धुवायला,
दोन डब्यांचा मास्क, ज्यात स्वतःचा श्वास
शेजाऱ्याचा वाटतो.
आणि रद्दी, भरपूर रद्दी.
निधनवार्तांच्या पानावर मी महिनाभर ठिपके काढले.
फार जवळ गेलं की ठिपक्याला कोळ्याचे पाय फुटतात,
फार लांब राहिलं की नुसती धूळ.

मग मे आला.
सेहेचाळीस अंशांत रंग हवेतच वाळतो,
कागदावर पोचते ती भुकटी.
सुईच्या टोकावर पापुद्रा, दर दोन मिनिटांनी नखाने काढा.
कूलरसमोर बसले तर फवारा वाऱ्यावर गेला
आणि आईच्या कुरडयांवर उतरला.
तळल्यावरही निळ्या.
तिने त्या टाकल्या नाहीत, डब्यात वेगळ्या ठेवल्या,
पाहुण्यांना नको म्हणून.

बाबा पाट्या रंगवत.
किराणा, पिठाची गिरणी, बुरडेंचा दवाखाना;
सक्करदऱ्याच्या दोन गल्ल्या त्यांच्या अक्षरात वाचल्या जात.
ब्रश टेकला पाहिजे, म्हणायचे,
भिंतीला कळलं पाहिजे कोणी लिहितंय ते.
हा ब्रश टेकतच नाही.
चार बोटं लांबून बोलतो
आणि निघून जातो.
यावर ते काय म्हणाले असते, मला माहीत आहे.

फ्रिजचं दार मी ठेवून घेतलं होतं.
आठशे नंबरच्या पाणीकागदाने घासलं,
अंड्यांच्या खाचा तशाच राहू दिल्या.
आता पहाटे चारला, ऊन उठायच्या आत,
त्यावर एकच गोष्ट काढते:
काळा, मग कमी काळा, मग जवळजवळ काही नाही.
अजून मधे कुठेतरी पट्टा दिसतो.

टाकी रिकामी होत आली की तो गोळा
तसाच झटका देऊन सुरू होतो, तोच घरघराट.
आतल्या खोलीत आई कूस बदलते, झोपेतच म्हणते,
"दार नीट लाव गं फ्रिजचं."

दार माझ्यासमोर आहे, भिंतीला टेकवलेलं, ओलं.
हो, म्हणते मी,
आणि बोट मागे घेते.