मागचं डावं चाक

सुरुवात नेहमी मागच्या डाव्या चाकापासून,
कारण पायापासून तेच सगळ्यांत लांब.
हे बाबांनी एकदाच सांगितलं, मी आठ वर्षांची असताना.
तेव्हापासून आमच्यात शब्द तीनच:
दाब. धर. सोड.

मोखोटलोंगला, लोकरीच्या गोदामामागे,
बाबा गाडीखाली घोंगडीवर उताणे,
मी वर, मोसितोच्या सीटवर, उजवा पाय पेडलवर.
काल खिंड उतरताना त्याचा हाच पाय
लोण्यात रुतावा तसा थेट तळाला गेला.
पंधरा माणसं, दोन मेंढ्या, टपावर लोखंडी पलंग.
हँडब्रेकने वाचवलं, मोसितो सांगतो.
पलंगवाली म्हणते, देवाने.
बाबा म्हणाले, नळीत हवा असेल.

दाब.

तेल मोठं इमानी.
पायाखाली जेवढं ऐकलं तेवढंच
चार चाकांच्या कानात जाऊन सांगतं,
पदरचं काही घालत नाही, वाटेत काही खात नाही.
कितीही रेटा, अंग चोरणार नाही.

धर.

पण लांबच्या उतारावर ब्रेक तापतात,
तेलाला उकळी फुटते,
वाटाण्याएवढा बुडबुडा नळीत येऊन बसतो.
त्याला सांगा, किंचाळा, सगळं वजन टाका,
तो ऐकून घेतो, आकसतो,
आणि या कानाचं त्या कानाला कळू देत नाही.
पाय उचलला की पुन्हा होता तेवढा.

सोड.

गोदामात बायका मोहेर गासडीत कोंबतात.
दोरी सैल सुटली की गासडी उसासते,
मागून ममाथे हसते: बघा, मेंढपाळाचं पोट!
फुगते ती लोकर नव्हे, तिच्यात अडकलेली हवा,
हे मला माहीत आहे. मी सांगत नाही.

दाब.

एकवीस वर्षं बाबा वेल्कोमच्या खाणीत होते,
माथ्यावर दोन किलोमीटर दगड.
परत आले ते छातीत त्याची भुकटी घेऊन.
आता श्वास आत जातो तो दार ढकलून,
आणि बाहेर येतो शिट्टी वाजवत.
खाणीचं विचारलं की पाना मागतात.

धर, ते म्हणाले.
मी धरला. खाली स्क्रू सैल झाला,
पारदर्शक नळीतून बाटलीत बुडबुडे,
एक, मग तीन, मग बारीक माळ.
स्क्रू आवळल्याचा आवाज आला नाही.

"दगड दबत नाही, दिबुसेंग,"
गाडीखालून, जणू चाकाशीच बोलत,
"दबल्याचं दाखवत नाही.
सगळं स्वतःत साठवतो.
मग एक दिवस फुटतो, बंदुकीसारखा."

मी पाय उचलला नाही.
स्क्रू सैल असताना पाय उचलायचा नसतो,
हवा उलटी आत जाते.

"सेफाकोच्या बाजूचा खांब
तीन दिवस करकरत होता. रात्रपाळीत.
मी ऐकलं होतं.
मुकादमाला सांगायचं होतं.
पण बोनसचा आठवडा होता."

पोटरीत गोळा आला.
बाहेर मोसितो चाकाला लाथ मारून
किती वेळ, किती वेळ, असं विचारत होता.
सेफाको माझा मामा. आई सांगते,
तो खाणीत गेला, आणि पुढचं सांगत नाही.
आजवर मला वाटे, तिलाही माहीत नसेल.

मग स्क्रू फिरला.

सोड.

मी सोडला. पुन्हा दाबला, न सांगता.
पेडल अर्ध्यावर येऊन थांबलं,
बुटाखाली जणू उंबरठा.

"कडक लागतंय?"
"लागतंय."

अजून तीन चाकं बाकी होती.
बाटलीतल्या तेलात शेवटचा बुडबुडा
तळाशी चिकटून, वर यायला तयार नव्हता.
बाबांनी बाटलीवर टिचकी मारली, एकदा, दोनदा.
मग नुसते बघत पडून राहिले.